वजा

पाथरीकर गुरुजी मोडी वाचतात बोट न ठेवता,
नुसत्या डोळ्यांनी ओळ ओढत नेतात.
मी शेजारी बसून उतरवून घेते.
नारोबा साळी, पैठण, जमाखर्चाची वही, फसली १२९५.
मागावर ज्यातून ताणा ओवतात
तिलाही आमच्यात वहीच म्हणतात.
गुरुजींना हे ठाऊक नव्हतं.

‘छावणीतले मुनशी वाहिदमियाँ यांचे मार्फत.
पांढरे रेशीम, सव्वीस वार.
काठ नाही. पदर नाही. जर नाही.
फूल विलायती, नमुन्याबरहुकूम.
काम लग्नाचे, राजघरचे.
इसार रुपये चाळीस, हाली.’

लग्नाचे, आणि पांढरे?
गुरुजी मागं गेले, शाईवर भिंग धरलं.
पांढरेच.

इथून पुढचं वहीत नाही.
ते घरात तोंडातोंडी आलं,
दर तोंडाला थोडं वाढत.

नमुना म्हणजे विलायती अखबारातलं चित्र,
घडीवर फाटलेलं. कुणी राजकन्या,
घंटेसारखा घेर, मागं एवढं लांब शेपूट
की उचलायला आठ पोरी.
केसांत फुलं. नारिंगाची, मुनशी म्हणाला.
नारोबानं नारिंग पाहिलं नव्हतं.
परसातल्या लिंबाचं फूल तळहातावर घेतलं,
पाकळी जरा रुंद केली. झालं नारिंग.

पण कांड्या भरायला बाया बसेनात.
‘नवरीच्या अंगाला पांढरं?
आन् ते आम्ही भरायचं?
आमचं कुंकू काय उतू चाललंय?’

मागल्या सोप्यातून ठकू आली.
नारोबाची बहीण.
चौदाव्या वर्षी पांढरं नेसली,
तेव्हापासून लग्नाच्या सुताला तिचा हात नाही.
गोधडीचे दोरे, दिव्याच्या वाती,
एवढंच बोटांना काम.
म्हणाली, ‘आणा इकडं.
माझं काय व्हायचं राहिलंय?’

असारी फिरत राहिली.
चूल अंगणात गेली, धूर नको म्हणून.
गंगेवरनं वारा सुटला की दारं बंद.
पान खाणाऱ्यानं मागाकडं फिरकायचं नाही.
पांढऱ्यावर पांढरं फूल,
दुपारनंतर नारोबाला दिसेनासं व्हायचं.
मग ती डोळे मिटून हात फिरवायची:
‘हितं पाकळी चुकली. उसव.’

एकदा मुनशी पाहायला आला,
तेव्हा दाराआडून तिनं विचारलं,
‘त्या पोरीचा नवरा जिता हाय ना?’
मुनशी गोंधळला.
‘अम्मा, अब्बी तो शादी होना है.’
‘तसं नव्हं,’ ती म्हणाली,
आणि पुढं काही बोलली नाही.

चार महिन्यांनी कापड उतरलं.
लग्नाचं कापड उतरलं की
सवाष्ण हळदीकुंकवाचं बोट लावायची
आणि ठकू आत जायची,
कुणी सांगायच्या आधी.
पण डाग पडला तर पैसे कापीन,
असं मुनशी बजावून गेला होता.
कुणी कोयरी आणली नाही.
कुणी तिला आत जा म्हटलं नाही.
ती उंबऱ्यात उभी राहिली
शेवटची घडी पडेपर्यंत.

पुढं ते आगबोटीत चढलं,
की छावणीतल्याच कुण्या मडमेनं शिवून घेतलं,
की मुनशीची सगळीच थाप,
कुणाला ठाऊक.

गुरुजींनी पान उलटलं.
‘पावले रुपये एकशे अकरा.
वजा रुपये चार. कारण, डाग.
हळदीचा, बोटाएवढा, आतल्या अंगाला.’

त्यांनी चष्मा काढला, पुसला.
मी म्हटलं, नारोबाच्या बायकोचं असेल,
हात सवयीनं गेला असेल.
असेल, गुरुजी म्हणाले,
आणि खालची बारीक ओळ वाचली,
शाई वेगळी, हात नारोबाचाच:
‘सदर चार, ठकूचे नावे.’

शंभरावर पानं आहेत त्या वहीत.
बाईचं नाव एवढं एकच.